पालखीला खांदा

चि. मित्रास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पक्षाघात होऊन तीन वर्षे झाली तरी माझा उजवा हात कामाचा झालेला नाही, म्हणून मी सांगतो आहे आणि नात लिहून घेते आहे. अक्षर सुबक दिसले तर ते तिचे समज.

अंथरुणाला खिळलेली तुझी आजी रोज विचारते, "देवाने मला कशाला ठेवलंय?", आणि तिला काय सांगावे, असे तू विचारतोस. गेल्या जन्मीचे भोग, हे आपल्याकडचे तयार उत्तर तिच्यापुढे चुकूनही उच्चारू नकोस. स्वतःच्या दुखण्याविषयी कोणी तसे मानले तर मानो, पण दुसऱ्याच्या दुखण्याला ते चिकटवणे मला निर्दयपणाचे वाटते.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आपल्या खळ्यात येते, ती लोकांच्या खांद्यावरून. देवळातही वर्षभर तेच चालते. आसन, पाद्य, स्नान, वस्त्र, गंध, नैवेद्य अशा सोळा उपचारांपैकी एकही देव आपल्या हाताने करत नाही. आज माझी सून मला उठवून बसवते, पाय धुते, अंग पुसते, सदरा चढवते आणि उकड्या तांदळाची पेज भरवते. यादी जवळजवळ तीच. मी देव आहे असे मुळीच नाही, आणि सुनेला विचारलेस तर ती हसेल. पण ज्याचे सगळे दुसऱ्यांनी करायचे, त्याच्या पालखीला खांदा मिळावा म्हणून आपणच धक्काबुक्की करतो, हे विसरू नये.

हे सुचायला मला वर्ष लागले. आरंभी न्हाणीघरात नेताना मी डोळे मिटून घेत असे. एका सकाळी पेज बधिर ओठाच्या कडेने गळ्यापर्यंत ओघळली. सुनेने ती पदराने टिपली आणि दारात आलेल्या कोळणीशी सुकटीच्या भावावरून चाललेली घासाघीस तशीच पुढे चालू ठेवली. तिने माझी कीव केली नाही, आणि त्या दिवशी मला प्रथमच लाज वाटली नाही.

रत्नागिरीजवळच्या पावस गावचे संत स्वामी स्वरूपानंद तरुणपणीच्या जबर आजारानंतर तिथल्या एका कुटुंबाच्या घरी राहिले, ते 1974 मध्ये देह ठेवीपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षे. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या हातचे अन्न घेत एक माणूस इतकी वर्षे राहिला, आणि आज लोक त्याच गावी दर्शनाला जातात.

आता तुझ्या हातचे सांगतो. आजीला करमावे म्हणून मटार सोलायला देऊ नकोस. ते उद्या तिला जमेनासे होईल आणि प्रश्न पुन्हा उभा राहील. सकाळी कामावर निघताना तिच्याजवळ बस, घरातली खरी अडचण सांग आणि त्यासाठी देवाला गाऱ्हाणे, म्हणजे आपल्याकडे मोठ्याने म्हणतात ती विनवणी, घालायला लाव. त्याला पाय लागत नाहीत. ती म्हणेल, "बा देवा महाराजा", आणि तू "होय महाराजा" म्हण. तिची वाचा गेली तर तू म्हण, ती ऐकेल. घरावर कर्ज असेल तर ती गोष्ट मात्र तिच्यापासून लपवू नकोस. म्हाताऱ्यांना ती भिंतीआडूनही कळते.

दर दोन तासांनी तिची कूस बदलत जा आणि टाचा तपासत जा, तिथली कातडी लवकर जाते.

सून पेज घेऊन आली आहे. निवलेली मला आवडत नाही, म्हणून थांबतो.