नाना जिंकले की सर?

प्रिय बाळा,

तुझा मेसेज सकाळी ट्राममध्ये वाचला. 'आई, इथे रोज संध्याकाळी नाना आणि सर आजोबा भांडतात. आत्मा आहे का, मोक्ष म्हणजे काय, ज्ञान झालं हे कळतं कसं. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. मग आजी चहा आणते आणि गाडी मोसंबीच्या भावावर येते. निकाल लागतच नाही. आमच्या शाळेच्या डिबेटमध्ये तासाभरात लागतो. मराठी माणसं अशीच वाद घालतात का? आणि खरं कोण बोलतंय?' हेच तू नानांना विचारलंस तर ते म्हणाले, तुझ्या आईला विचार. म्हणजे नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात.

मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून पत्र लिहितेय. अडलं तर आजीकडून वाचून घे.

आधी तुझ्या डिबेटचं बोलू. तिथे विषय दुसरंच कुणी ठरवतं, बाजूही वाटून मिळते. मागे तू शाळेत मोबाइल नको या बाजूनं बोललीस आणि जिंकलीस. तयारी सगळी मोबाइलवर केली होतीस. परीक्षकानं मांडणी बघितली आणि गुण दिले. मोबाइल असावा की नसावा हे ठरवायचं काम त्याच्याकडे नव्हतंच. नानांना मात्र बाजू कुणी वाटून दिलेली नाही. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ती त्यांच्या वडिलांनी घातली. नाथषष्ठीला पैठणात दिंड्या येतात तेव्हा आपलं घर वारकऱ्यांनी भरून जातं. सरांच्या वडिलांनी १९५६ नंतर धम्म स्वीकारला आणि मुलाला शिकायला औरंगाबादला मिलिंद कॉलेजात घातलं. या दोघांपैकी कुणीही हरायचं म्हणजे वडिलांनी दिलेलं परत करायचं. ते संध्याकाळच्या तासाभरात होत नाही.

पण हे झालं बाहेरचं कारण. आतलं कारण मला एकदा सायकलवरून कळलं.

मी कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते. सर नेहमीचं सांगत होते की बुद्धानं आत्मा मानला नाही. नाना वैतागले. "आत्माच न्हाई म्हणता, मग आत्ता माझ्यासमोर बसलंय कोण?"

"नावाला मी."

"बरं. घरून इथवर आलात कशानं?"

"सायकलनं."

"मग ती सायकल तरी खरी का?"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "नाना, हेच तर नागसेनानं मिलिंद राजाला विचारलंय! फक्त तिथं रथ होता."

मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. तो भिक्खू नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारतो, त्याचा पाली ग्रंथ आहे, 'मिलिंदपञ्ह'. राजा म्हणतो, मी रथातून आलो. नागसेन विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू, लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग नागसेन म्हणतो, हे सगळं जुळून आलं की आपण त्याला रथ म्हणतो, तसंच 'नागसेन' हेही नाव; आत वेगळा कुणी बसलेला नाही.

सरांनी हे अंगणातल्या सायकलकडे बोट करून समजावलं: चेन, पायडल, हँडल. नानांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पटलं. सुटं केलं की सायकल उरत न्हाई. पण हे सुटं झालंय हे बघणारा कोण? त्यालाच आम्ही आत्मा म्हणतो." सर म्हणाले, बघणं हाही एक सुटा भागच. नाना म्हणाले, हे तुम्ही बघितलंत का? झालं, पुन्हा पहिल्यापासून.

गंमत बघ, सायकल एकच होती. कुणी कुणाची माहिती खोटी पाडत नव्हतं. नानांना तिच्यात आत्मा असल्याचा पुरावा दिसला, सरांना नसल्याचा. त्यांचा मतभेद पुरावा कशाला म्हणायचं यावर आहे. नानांचं प्रमाण म्हणजे संतांचं वचन आणि आतली प्रचीती. सर सांगतात, परंपरेनं आलं म्हणून धरू नका, ग्रंथात आहे म्हणून धरू नका, बुद्धानं काळाम नावाच्या लोकांना हेच सांगितलं. धम्माचं म्हणणं 'एहि पस्सिको', ये आणि बघ. त्यावर नाना म्हणतात, मी बघितलं की! कीर्तनात पांडुरंग बघितला. आता सर काय म्हणणार? तुम्ही बघितलं नाही, असं? दुसऱ्याच्या आतलं नाकारता येत नाही आणि स्वतःच्या आतलं काढून दाखवता येत नाही. तुझ्या शाळेचा परीक्षक इथे आणून बसवला तरी कुठला पुरावा चालेल हे त्याला आधी ठरवावं लागेल, आणि ते ठरवलं की तो एका बाजूला जाऊन बसलाच.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुला नानांनी सांगितलीच असेल. संत जमलेले, गोरोबा कुंभाराचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघतात. सगळे गप्प बसले, नामदेव चिडले, म्हणून नामदेवांचं मडकं कच्चं. मग ते औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे जातात आणि पक्के होतात. आठवीत असताना मी नानांना विचारलं होतं, गोरोबांचं डोकं कुणी वाजवून बघितलं? आणि जो चिडला तो कच्चा कशावरून, मार लागल्यावर माणूस चिडणारच. नाना म्हणाले, "तू पण कच्ची." मला ही गोष्ट अजून पूर्ण पटलेली नाही. ज्याच्या हातात थापटणं, त्याला कुणी विचारत नाही.

आता तू नागघाटावर रोज फिरायला जातेस तिथलीच गोष्ट घे. आळंदीची पोरं शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे आली. संन्याशाची पोरं म्हणून त्यांना वाळीत टाकलेलं. ज्ञानेश्वर म्हणाले, सगळ्यांत आत्मा एक, तर कुणीतरी समोरच्या रेड्याकडे बोट दाखवलं, आणि रेडा वेद म्हणू लागला. सर म्हणतात, असं घडलेलंच नाही. नाना म्हणतात, घडलं. यावर ते माझ्या लहानपणापासून भांडतायत. मला विचारशील तर रेडा बोलला असं मला वाटत नाही, आणि हे मी नानांना सांगितलेलं आहे. पण त्या गोष्टीत मला दुसरंच खुपतं. शास्त्री तिथे विरुद्ध पक्षही होते आणि न्यायाधीशही. अशा सभेत खरं बोलून भागत नाही, चमत्कार करावा लागतो. आणि चमत्कारानं माणूस गप्प होतो. त्याला पटलं की नाही हे कळायची सोय राहत नाही.

नागसेनानं ही भानगड आधीच ओळखली होती. वाद घालाल का, असं राजानं विचारल्यावर तो म्हणतो, पंडितवाद करणार असाल तर घालतो, राजवाद करणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात उलगडा होतो, खंडन होतं, चूक कबूल केली जाते आणि कुणी रागावत नाही. राजे एक मुद्दा मांडतात आणि जो नाही म्हणेल त्याला शिक्षा करतात. राजा म्हणाला, पंडितवादच करू. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं मिलिंद, आणि तो परिसर झाला नागसेनवन. कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आहे, उत्तर देणाऱ्याचं नाही. हे सर अजूनही छाती फुगवून सांगतात.

आपल्या मराठवाड्यात राजवादही झाला आहे, तोही तुला माहीत असावा. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावोगावी दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हाचं आजी सांगते: ठरावानंतर सर कित्येक महिने आपल्या ओसरीवर आले नाहीत. नाना कुणाचं घर जाळायला गेले नव्हते, पण सरांच्या दारात जाऊन 'या' असंही म्हणाले नाहीत. शेवटी सरच आले. नानांचं ते मला आवडलेलं नाही. सरांच्या वडिलांना या ओसरीच्या पायरीवरही बसू दिलं नसतं, हे लक्षात ठेवून त्या दोघांची भांडणं ऐक. आवाज चढला तर चढू दे. दोघं एका सतरंजीवर बसून ओरडतायत.

'मराठी माणसं अशीच वाद घालतात का?' त्याचा नमुना नाथांनी पैठणातच लिहून ठेवलाय. एकनाथ, १५३३ ते १५९९. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर मुसलमान सुलतानाच्या चाकरीत किल्लेदार. नाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघं एकमेकांच्या देवाधर्माची अशी उणीदुणी काढतात की आज कुणी स्टेजवर म्हटलं तर पोलीस बोलवावे लागतील. शेवटी दोघं गळाभेट घेतात, शांत होतात. मला ते फार आवडतं. सर मात्र नाक मुरडतात: शेवटी दोघं जे कबूल करतात तो वेदान्तच आहे, म्हणजे तुर्क नाथांच्या घरी जेवायला आला आणि नाथांचंच वाढलेलं जेवला. यात तथ्य आहे.

आणि हे नाथांपुरतं नाही. मागच्या गल्लीतल्या दंडवत आजी महानुभाव पंथाच्या आहेत, त्यांना विचार. म्हाइंभट मोठे शास्त्री, त्या पंथाच्या चक्रधरस्वामींशी वाद करायला आले आणि शिष्य झाले. हे आपल्याला कळतं कुठून? त्याच म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास लिहिलेल्या 'लीळाचरित्रा'तून. (त्या ग्रंथाचं एक मला भावतं. एकाच प्रसंगाची वेगवेगळ्या भक्तांची आठवण वेगळी असेल तर ती पोथ्यांत शेजारीशेजारी नोंदलेली असते.) रेड्याची गोष्ट वारकऱ्यांनी सांभाळली, मिलिंदाची बौद्धांनी. ज्ञानाचे जेवढे गाजलेले वाद आपल्यापर्यंत आलेत, ते ज्यांना निकाल आधीच पटला होता त्यांनी सांगितलेले आहेत. ओसरीवरचा वाद कुणी लिहून घेत नाही, म्हणून तिथे कुणी हरत नाही.

खरं कोण, यावर माझं मत: आत्म्याच्या बाबतीत मी सरांकडे झुकते. पण आजारपणात मला हरिपाठच आठवतो, आणि ते मी सरांना सांगितलेलं नाही.

तू एक कर. सरांना विचार, नागसेन निरुत्तर झाला असता तर तो ग्रंथ कुणी जपून ठेवला असता का? आणि नानांना विचार, रेडा गप्प राहिला असता तर ज्ञानेश्वरांचं म्हणणं खोटं ठरलं असतं का? दोघांना एकाच संध्याकाळी, एकमेकांसमोर विचार. नाहीतर ज्याला नंतर विचारशील तो रात्रभर तयारी करून येईल.

तुझी,
आई