अमेरिकेत शाळांमधे गोळीबार का होतात? आजची मुलं जास्त हिंसक झालीत का?

नाही, उलट आहे. तिथे हिंसक गुन्ह्यांसाठी अल्पवयीन मुलांच्या अटका 1994 च्या आसपास सगळ्यात जास्त होत्या, नंतर खूप कमी झाल्या. त्यामुळे अख्खी पिढीच बिघडली वगैरे मला पटत नाही. व्हिडिओ गेममुळे हे होतं म्हणावं, तर ते जपानमधली मुलंही भरपूर खेळतात, पण तिथे जवळजवळ कुणाच्याच घरात बंदूक नसते. खरा मुद्दा तोच आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने (राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) 2002 च्या अहवालात शाळांमधल्या 37 हल्ल्यांचा अभ्यास केला, त्यात दिसलं की बहुतेक हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातूनच घेतलेली, बरीचजण आधी छळ सोसलेली, खचलेली, आत्महत्येचे विचार येऊन गेलेली, आणि सगळ्यात वाईट वाटतं ते हे की बहुतेक वेळा कुणा ना कुणा मित्राला आधीच कुणकुण होती पण ती मोठ्यांपर्यंत पोचलीच नाही. कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर (1999) मीडियाने हल्लेखोरांना इतकं दाखवलं की पुढे कित्येकांनी त्यांचीच नक्कल केली. मिशिगनमधल्या 2021 च्या गोळीबारात 4 मुलं गेली, बंदूक घरात नीट कुलपात नव्हती, आणि 2024 मधे हल्लेखोराच्या आईवडिलांनाही शिक्षा झाली. एक कुलूप लावायला काय जातं हो?