उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर डीएचसीपी (पीसींना आयपी पत्ते वाटणारा), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) आणि सांबा (विंडोजशी फाइल शेअर करणारा) चालवतोय. मधूनच काही पीसी नेटवर्कवरून गायब होतात, मालक म्हणतात विंडोज सर्व्हर घेऊ. काय करावं?

भावा, मालकांना सांग जरा दमानं घ्या. सगळे पीसी एकदम गेले असते तर मी पण सर्व्हरकडंच बोट दाखवलं असतं. पण काही चालतात, काही जातात असं असेल तर आधी गेलेल्या पीसीवर बस, आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल ही कमांड मार आणि डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत कुणाचा पत्ता आहे ते बघ. तुझ्या सर्व्हरचा नसेल तर ऑफिसात दुसराच कुणीतरी आयपी वाटत बसलाय.

एवढं ठासून सांगतोय कारण मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीचं नेटवर्क सांभाळतो, डेबियन लिनक्सवर आयएससी या संस्थेचा डीएचसीपी, डीएनएससाठी बाइंड, आणि सांबा, आणि आमच्यात हेच झालं, ते पण नेमकं वीस तारखेला. जीएसटीच्या थ्रीबी रिटर्नचा शेवटचा दिवस, अकाउंट्सला टॅली उघडेना, डिस्पॅचला कास्टिंग भरून ट्रक गेटवर उभा आणि ई-वे बिल निघेना, ड्रायव्हर वॉचमनवर ओरडायलाय. आणि आमचा हार्डवेअर सप्लायर मालकांच्या केबिनमध्ये चहा पीत बसलेला. "साहेब, फुकटातल्या सॉफ्टवेअरवर कंपनी चालतीय व्हय? मी तरी सांगत होतो." मालकांनी मला आत बोलवून त्याच्यासमोर विचारलं, लिनक्स काढायला किती वेळ लागंल. अजून आठवलं की कान तापतात.

मी काही न बोलता डीएचसीपीचा लॉग उघडला. क्लायंटची रिक्वेस्ट येतीय, पण भलत्याच पत्त्यासाठी, आणि कंसात सर्व्हर १९२.१६८.०.१. आमची रेंज १० नं सुरू होते, त्यामुळं हा पाहुणा कोण ते शोधायचं एवढंच राहिलं. नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं टीसीपीडम्प लावून डीएचसीपीचे पोर्ट ६७-६८ बघितले तर मजा अशी की आयएससीवाला नवा पत्ता देण्याआधी तो कुणी वापरत नाही ना म्हणून पिंग मारून सेकंदभर थांबतो, आणि तेवढ्यात हा पाहुणा ऑफर टाकून मोकळा. पीसी पहिली ऑफर घेतो, विषय संपला. सकाळपासून चालू असलेल्या पीसींना काही झालं नव्हतं, कारण लीज (पत्त्याची मुदत) अर्धी संपली की क्लायंट आपल्या जुन्याच सर्व्हरकडं रिन्यू मागतो. जेवणाच्या सुट्टीत बंद करून परत लावले ते गेले.

एआरपी टेबलावरून पाहुण्याचा मॅक ॲड्रेस (हार्डवेअरचा नंबर) काढला, सगळ्या केबल जोडलेल्या स्विचच्या टेबलात शोधला, डिस्पॅच केबिनचा पोर्ट निघाला. टेबलाखाली घरगुती वाय-फाय राउटर, केबल वॅनऐवजी (बाहेरून नेट येतं ते भोक) लॅनच्या भोकात. क्लार्क म्हणाला, "सप्लायरचं पोरगं आलतं, मोबाईलला रेंज नाही म्हणून लावून गेलं." राउटर काढला आणि नेऊन मालकांच्या टेबलावर ठेवला, सप्लायरच्या कपाशेजारी. पाच मिनिटांत टॅली चालू. सॉरी कुणी म्हटलं नाही, उलट मालकांनी त्याचं क्वोटेशन ठेवूनच घेतलं.

विंडोज सर्व्हर असता तरी तो राउटर तसाच आयपी वाटत बसला असता. ब्रॉडकास्टला उत्तर द्यायला कुणाचा परवाना लागत नाही. उपाय स्विचवर आहे, मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) असेल तर डीएचसीपी स्नूपिंग चालू कर आणि फक्त सर्व्हरचा पोर्ट ट्रस्टेड ठेव, म्हणजे बाकी पोर्टवरून कुणाला आयपी वाटता येत नाही. साधा स्विच असेल तर एकेक केबल काढत बस, दुसरा मार्ग नाही.

बाकी, आयएससीचा जुना डीएचसीपी वापरत असशील तर त्याचा मेंटेनन्स २०२२ लाच बंद झालाय. त्यांचाच नवा डीएचसीपी सर्व्हर केआ घे, नाहीतर छोट्या ऑफिसला डीएनएसमास्क बास, डीएचसीपी-डीएनएस दोन्ही त्यातच होतंय.

आणि हो, गायब म्हणजे पीसीला नेट आहे पण विंडोजच्या नेटवर्क फोल्डरमध्ये सर्व्हरचं नाव दिसत नाही असं म्हणत असशील तर वरचं सगळं सोड. सांबा ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी१ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) डिफॉल्टनं बंद असतं, आणि ती जुनी यादी त्याच्याच जीवावर चालायची. सर्व्हरवर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्राम बसव, सर्व्हर त्या यादीत परत दिसायला लागंल. यूट्यूब बघून एसएमबी१ चालू करू नको, २०१७ चं वॉनाक्राय (फाइल लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तिथूनच घुसलं होतं. जुनं सीएनसी मशीन त्याच्याशिवाय बोलतच नसेल तर ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरच वेगळं केलेलं नेटवर्क) टाक.

मालकांना खरंच ग्रुप पॉलिसी (सगळ्या पीसींची सेटिंग एका जागेवरून) वगैरे पाहिजे असेल आणि लायसन्सचे पैसे मोजायची तयारी असेल तर विंडोज घेऊ देत, माझं काही म्हणणं नाही. सांबा पण ४.० पासून डोमेन कंट्रोलर (युजर आणि पीसी सांभाळणारा मुख्य सर्व्हर) होतोय, पण ते निस्तरायला माणूस लागतो. फक्त कारण तेच असू दे, "लिनक्समुळं बंद पडतंय" हे नको.

आणि त्याआधी तुझ्याकडं क्वोटेशन कोण देतंय आणि त्याची पोरं ऑफिसात काय काय जोडून जातात ते बघ. आमच्यात आता माझ्या सहीशिवाय नेटवर्कला काही लागत नाही, गेटवर रजिस्टर ठेवलंय. तो सप्लायर अजून येतो. त्याला पिशवी उघडून दाखवावी लागते, आणि त्या वेळी मी मुद्दाम गेटवर जाऊन उभा राहतो.