जुन्या पुलाला कार्बन फायबर लावलं तर त्याचं आयुष्य किती वर्षांनी वाढतं?

वर्षांचा आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्याला आधी विचारा, फायबर, म्हणजे इपॉक्सी नावाच्या गोंदाने चिकटवायच्या कार्बन धाग्यांच्या पट्ट्या, लावण्यापूर्वी खालचं काँक्रीट ठोकून पाहिलं होतं का.

मी नोकरीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. गर्डरखाली, म्हणजे पुलाच्या तुळईखाली, परांचीवर उभं राहून हातोडीने ठोकत जायचं आणि बद्द आवाज येईल, म्हणजे आतून काँक्रीट सुटलेलं असेल, तिथे खडूने गोल करायचा, हे माझं काम. एका गर्डरच्या टोकाशी, वरच्या एक्स्पान्शन जॉइंटमधून (पुलाच्या दोन भागांमधल्या फटीतून) पाणी झिरपायचं त्या जागी, गोलाला गोल भिडले. तिथे पुल-ऑफ टेस्ट घेतली, म्हणजे चकती चिकटवून ती किती जोराने ओढल्यावर सुटते ते पाहिलं. इपॉक्सीने चिकटवलेली धातूची चकती निदान १.४ मेगापास्कलपर्यंत तग धरायला हवी. ती ०.८ लाच सुटली. पाठीला नखाइतका पातळ काँक्रीटचा पापुद्रा आणि त्यावर तांबूस डाग. मी ती तशीच साहेबांकडे नेली. ते म्हणाले, "जागा बदलून घे. एकदा फायबर बसलं की पाणी नाही, हवा नाही, गंज आपोआप थांबतो." मी वाद घातला, पण माझं कोण ऐकणार? जागा बदलली, हवा तो आकडा आला, अहवाल गेला. त्यावर सही माझी आहे, आणि ते मला अजून टोचतं.

तिसऱ्या वर्षी तिथली पट्टी फुगली. कापून काढली तर फायबरचा एक धागाही तुटलेला नव्हता. तळहाताएवढं काँक्रीट तिच्या पाठीला घट्ट चिकटून आलं होतं आणि आतल्या सळीचे पदर बोटाने निघत होते.

क्लोराइड, म्हणजे मिठातला सळी गंजवणारा घटक, सळीपर्यंत पोचलं असेल तर वरून झाकून गंज थांबत नाही. जॉइंटचं पाणी वरून येतं; खालून लावलेलं फायबर ते अडवत नाही, उलट आत कोंडून ठेवतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. त्यापुढे फायबर कितीही ताकदीचं असो, ते ज्याला चिकटलंय तेच सुटतं.

फायबरचा विषय निघाला की स्वित्झर्लंडमधल्या ल्यूसर्नजवळच्या ईबाख पुलाचं नाव येतंच. १९९१ साली तिथे १७५ किलो पोलादाच्या जागी ६.२ किलो कार्बनच्या पट्ट्यांवर भागलं. मलाही त्या कामाबद्दल फार आदर आहे. पण सिग्नल बसवण्यासाठी ड्रिलिंग करताना तिथली प्रीस्ट्रेसिंग केबल (काँक्रीटला आवळून धरणारी ताणलेली पोलादी केबल) तुटली होती. ते दुखणं अपघाताचं होतं, गंजाचं नव्हतं.

म्हणून तुमच्या पुलाचं आधी दुखणं काय ते बघा. जॉइंट दुरुस्त करा, खराब काँक्रीट सळीच्या मागेपर्यंत खोदून काढा, सळी चकचकीत होईपर्यंत घासा, गरज पडली तर नवी सळी जोडा, मग फायबर. या क्रमाने केलेली कामं मी वर्षानुवर्षं टिकलेली पाहिली आहेत.

मी फायबरच्या विरोधात नाही, हे सांगायला हवं. काँक्रीट धडधाकट असेल आणि भार वाढवायचा असेल, किंवा भूकंपासाठी खांबांना वेढा द्यायचा असेल, तर त्याच्यासारखी हलकी आणि झटपट सोय नाही. पोलादी गर्डर असेल तर कार्बन थेट पोलादाला टेकू देऊ नका, गंज वाढतो. मध्ये ग्लास फायबरचा थर हवा. शिवाय नेहमीचं इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांपासून मऊ पडू लागतं. म्हणजे आगीत फायबर गेलं तरी पूल उभा राहील, एवढी ताकद त्याच्या स्वतःच्या अंगात हवीच.

आणि अहवाल हातात आला की टेस्टच्या जागा ड्रॉइंगवर दाखवल्यात का आणि नापास झालेल्या टेस्टही लिहिल्यात का, ते पाहा.

साहेब निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिले की इपॉक्सीच हलक्या दर्जाचं आलं होतं. इपॉक्सी हलकं असतं तर पट्टी कोरी सुटली असती, पाठीला काँक्रीट घेऊन आली नसती.