महिना झाला, पुल रिक्वेस्ट तशीच पडून आहे

परभणीच्या मित्राचा प्रश्न असा: मोंढ्यातल्या भावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या माहितीची फाईल) वाचताना जावास्क्रिप्टची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, देवनागरी आकड्यांना मजकूर समजते. पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशी विनंती, करून दुरुस्ती पाठवली, पण मेंटेनर (लायब्ररी सांभाळणारा) हूं की चूं करत नाही.

डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, पाहिला. खरी दुरुस्ती पाच-सात ओळींची आहे, पण तुझ्या एडिटरनं सेव्ह करताना अख्ख्या फायलीचं फॉरमॅटिंग बदललंय. सगळं लाल-हिरवं, जणू प्रत्येक ओळ बदलली! नोकरी सांभाळून रात्री रिपो (प्रकल्पाचा कोडसाठा) बघणारा माणूस त्यात तुझ्या ओळी कुठं शोधणार? कोड मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडात मिसळला, की तू मोकळा, पुढं काही मोडलं तर निस्तरायचं त्यालाच. त्यामुळे अनोळखी कोडला त्याचं पहिलं उत्तर ‘नको’च असतं, आणि ते रास्त आहे.

म्हणून आधी इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, उघड. त्यात एकच ओळ दे: ‘सोयाबीन,४२५०’. काय मिळालं, काय मिळायला हवं होतं, एवढंच लिही. मजकुराचा आकडा करणारं पायथन भाषेचं ‘इंट’ देवनागरी आकडे निमूट वाचतं, जावास्क्रिप्टच्या तशाच ‘नंबर’ला दिले तर नॅन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, हाती येतो. मेंटेनर म्हणू शकतो, हे भाषेचं काम, माझ्या लायब्ररीचं नाही. तेव्हा हे आपोआप व्हावं की वेगळा पर्याय ठेवावा, हे त्यालाच विचार. होकार आला की नवी ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढ, तेवढ्याच ओळी घे, सोबत दुरुस्ती चालते हे तपासणारी टेस्ट जोड. टेस्ट नसेल तर मी स्वतःसुद्धा मर्ज करत नाही.

बदल कसे पाठवायचे ते सांगणारी कॉन्ट्रिब्युटिंग फाईल वाचलीस का? प्रत्येक घरची रीत निराळी. लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पॅच, म्हणजे केलेला बदल, ईमेलनं जातो, खाली ‘हा कोड द्यायचा हक्क मला आहे’ असं सांगणारी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ लागते. लिनक्समध्ये आपला कोड घुसलाय, असा दावा एससीओ कंपनीनं 2003 मध्ये लावला, त्यानंतर 2004 पासून ही पद्धत आली. एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड सर्वांना खुला, पण बाहेरच्यांचे पॅच ते सहसा घेतच नाहीत. काही ठिकाणी आधी करारावर सही लागते.

नवख्यांकडं संशयानं बघतात त्यालाही कारण आहे. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ठरावीक रिक्वेस्टी पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. 2020 मध्ये त्या टी-शर्टपायी लोकांनी रीडमीत (प्रकल्पाच्या माहितीच्या फायलीत) एखादा शब्द घुसडून रिक्वेस्टींचा पाऊस पाडला होता. शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला: प्रकल्पानं स्वतःहून भाग घेतला तरच रिक्वेस्ट मोजायची.

आणि हो, तुझ्या रिक्वेस्टच्या वर्णनातलं ‘भारतीय भाषांकडं तुम्ही दुर्लक्ष करता’ हे वाक्य काढ राव. जुनी रिक्वेस्ट बंद करून नव्या इश्यूचा मसुदा मला पाठव, इंग्रजी बघून देतो.