अमेरिकेतले डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन ही पदवी घेतलेले) हे खरोखर डॉक्टर असतात का? विद्यार्थी या पदवीचा विचारच का करत नाहीत?

हो, पूर्ण डॉक्टर. चार वर्षांचं वैद्यकीय शिक्षण, मग रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि पन्नासही राज्यांत औषधं लिहून देण्याचा, शस्त्रक्रिया करण्याचा परवाना. 2020 पासून एम.डी. (तिथली नेहमीची डॉक्टरकीची पदवी) आणि डी.ओ. यांच्या रेसिडेन्सीला मान्यताही एकाच व्यवस्थेतून मिळते. जादा असतं ते हाताने तपासण्याचं आणि उपचारांचं प्रशिक्षण: पाठदुखीच्या रुग्णाच्या मणक्यालगत बोटं फिरवत ताठरलेला स्नायू नेमका शोधायचा, मग तो हळूहळू मोकळा करायचा.

घोळ असा होतो की ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाताने उपचार करणारा, सहसा वैद्यकीय डॉक्टर नसतो. दोन्हींची माहिती एकत्र वाचून मुलं बिचकतात, आणि चांगली वाट हातची जाते याचं मला फार वाईट वाटतं. निर्णयाआधी एखाद्या डी.ओ. डॉक्टरांचं काम प्रत्यक्ष बघाच.