जतमध्ये बाळंतपणाचा खर्च सरकारी योजनेतून निघेल का?
वहिनींना चौथा महिना, भाऊ ऊसतोडीला आणि हातात पैसा नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी गावातल्या आशाताईंना गाठा, उपकेंद्रात नाव नोंदवून माता-बाल कार्ड घ्या. पुढचं सगळं त्यावरच अडतं.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण मोफत. घरी सोडायला १०२ची गाडीही. त्याला पिवळं रेशनकार्डसुद्धा लागत नाही. पहिलटकरीण असतील तर मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, पण आधार जोडलेल्या त्यांच्याच खात्यात. (आमच्या जाऊबाईंनी नवऱ्याचं खातं दिलं, अर्ज महिनोन् महिने लटकला.) दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. फडावर जायची वेळ आलीच तर कार्ड पिशवीत असू द्या.